शाळेची जागा घेण्याआधी

अगं, स्कूल बोर्डावर निवडून आलीस त्याचं अभिनंदन फोनवर झालंच. पण बोलता बोलता तू म्हणालीस, की लवकरच नव्या प्राथमिक शाळेसाठी जमीन घेण्याचा विषय बोर्डापुढे येणार आहे. तेव्हापासून मनात आहे की तुला नीट बसून काही लिहावं. मी सॅक्रामेंटोत आर्किटेक्टच्या ऑफिसात आयुष्यभर शाळांचीच कामं केली. नकाशे तपासले, राज्याकडचे अर्ज भरले, सरकारी शेऱ्यांना उत्तरं दिली. तुझ्यासारखी माणसं दिवसभर सॉफ्टवेअरची नोकरी करून संध्याकाळी बोर्डावर बसतात. त्यांच्यापुढे दोनशे पानांची फाईल येते आणि तासाभरात हात वर करायचा असतो. या फाईलमध्ये काय शोधायचं हे कोणी सांगत नाही. मावशी म्हणून ते मी सांगते.

पहिली गोष्ट ही, की कॅलिफोर्नियात शाळेसाठी राज्याचा पैसा कागदांच्या क्रमाने येतो. गरज कितीही खरी असू दे, क्रम चुकला की पैसा अडतो, आणि तो अडला की भुर्दंड आपल्याच करदात्यांवर बसतो. आपल्याकडे महाराष्ट्रात जिल्हा परिषद रस्तेही बघते, दवाखानेही बघते आणि शाळाही. इथली स्कूल डिस्ट्रिक्ट फक्त शाळांसाठी असते. तिचं बोर्ड वेगळं, तिची हद्द वेगळी, तिचं कर्ज वेगळं. शहराच्या हद्दीशी ती जुळेलच असं नाही. त्यामुळे चूक झाली तर निस्तरायला दुसरं खातं नसतं.

दारं चार आहेत, ती ओळखून घे. पैसा वाटतं ते स्टेट अलोकेशन बोर्ड. ते १९४७ पासून आहे. त्याचं रोजचं काम ओपीएससी, म्हणजे ऑफिस ऑफ पब्लिक स्कूल कन्स्ट्रक्शन करतं. जागा आणि नकाशे शिक्षणाच्या दृष्टीने योग्य आहेत का, हे राज्याचा शिक्षण विभाग बघतो. इमारत भूकंपात उभी राहील का, आगीतून मुलं बाहेर पडतील का, चाकाच्या खुर्चीतलं मूल सगळीकडे पोचेल का, हे डीएसए बघतं, म्हणजे राज्याच्या वास्तुविशारदाचं खातं. आणि मातीत विष आहे का, हे डीटीएससी बघतं, म्हणजे राज्याचं विषारी पदार्थांवर नियंत्रण ठेवणारं खातं. या चारही ठिकाणची पत्रं एकमेकांत अडकलेली असतात. एक कागद राहिला तर बाकीचे तिघं थांबतात.

तुला मी आधी जागेबद्दल सांगणार आहे. कारण इमारतीतली चूक दुरुस्त करता येते, जागेतली येत नाही.

लॉस एंजलिसच्या बेलमाँट लर्निंग सेंटरचं नाव तुमच्या बोर्डाच्या प्रशिक्षणात येईलच. डाउनटाउनजवळ, दाट वस्तीत मोठं हायस्कूल बांधायचं होतं. हेतू चांगला होता. तिथली मुलं रोज बसने लांबच्या शाळांत जात होती. १९९७ च्या सुमारास काम सुरू झालं. जागा जुन्या तेलक्षेत्रावर होती. जमिनीतून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड येतो हे बांधकाम अर्धं झाल्यावर चव्हाट्यावर आलं आणि २००० मध्ये काम थांबलं. पुन्हा सुरू करायचं ठरलं तर २००२ मध्ये इमारतींच्या खाली भूकंपी भेग सापडली. त्या भेगेवरच्या इमारती पाडाव्या लागल्या. शेवटी २००८ मध्ये शाळा उघडली, एडवर्ड रॉयबॉल यांच्या नावाने, आणि तोवर खर्च सुमारे ४० कोटी डॉलरवर गेला होता. जी मुलं १९९७ मध्ये पहिलीत होती त्यांची शाळाच या वादात संपत आली. मला पैशापेक्षा हे जास्त लागतं.

त्या प्रकरणानंतर कायदा कडक झाला. २००० पासून राज्याचा पैसा हवा असेल तर जागा ताब्यात घेण्याआधी तिचा पर्यावरणीय इतिहास तपासणं बंधनकारक आहे. याला फेज वन म्हणतात. जुने नकाशे, हवाई छायाचित्रं, आधी इथे काय होतं याची नोंद, शेजारी काय आहे याची पाहणी. त्यात शंका आली तर मातीचे नमुने घेऊन पुढची तपासणी डीटीएससीच्या देखरेखीखाली. तुम्ही आल्टामाँटच्या डोंगरापलीकडे, व्हॅलीत आहात. तिथली रिकामी जमीन म्हणजे बहुतेक वेळा जुनी शेती किंवा बदामाची बाग. बघायला ती इतकी स्वच्छ दिसते की तपासणी म्हणजे उगाचचा खर्च वाटतो. पण जुन्या कीटकनाशकांचे अंश मातीत कित्येक दशकं राहतात. शेतातल्या जुन्या घराभोवती रंगातलं शिसं असतं, पंपाशेजारी डिझेलची गळकी टाकी पुरलेली असते. सिएराच्या पायथ्याशी तर खडकातच ॲस्बेस्टॉस असतो. म्हणून "इथे नुसती शेतीच होती" हे वाक्य कोणी बैठकीत म्हणालं, तर त्यानंतर ताबडतोब तुझा प्रश्न आला पाहिजे: नमुने घेतले का?

अंतरांचे नियमही पाठ कर, कारण ते बोर्डावरच्या सामान्य माणसाला स्वतः नकाशावर पट्टी ठेवून मोजता येतात. उच्च दाबाची वीजवाहिनी ५० ते १३३ किलोव्होल्टची असेल तर तिच्या पट्ट्याच्या कडेपासून १०० फूट, २२० ते २३० ची असेल तर १५० फूट, ५०० ते ५५० ची असेल तर ३५० फूट. रेल्वेमार्ग १,५०० फुटांच्या आत असेल तर सुरक्षेचा स्वतंत्र अभ्यास. धोकादायक पाइपलाइन १,५०० फुटांच्या आत असेल तर जोखमीचं विश्लेषण. फ्रीवे किंवा फार वर्दळीचा रस्ता ५०० फुटांच्या आत असेल तर हवेचा विचार. विमानतळाची धावपट्टी दोन नॉटिकल मैलांच्या आत असेल तर राज्याच्या विमान वाहतूक विभागाचं मत. भूकंपी भेगेवर इमारत नाही, म्हणजे नाही. तुमच्या भागात मालगाड्यांचे रूळ आहेत, गॅसच्या मोठ्या वाहिन्या आहेत, उंच मनोरे शेतांतून गेलेले आहेत. बिल्डरने "शाळेसाठी राखीव" म्हणून नकाशात हिरवा चौकोन दाखवलेला असतो. तो चौकोन कुठे आहे बघ. जिथे घरं विकली जाणार नाहीत तिथेच तो सरकवला आहे का, हे मी नेहमी आधी बघायचे.

जागा जाऊन बघ, आणि नुसत्या रविवारी सकाळी नको. कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला बघ, पाऊस झाल्यावर बघ, शेजारच्या शेतात फवारणी चालू असताना बघ. मुलं कुठल्या बाजूने चालत येतील, कुठला रस्ता ओलांडतील, हे स्वतः चालून बघ.

आता क्रम. जागा निवडली की घेण्याआधी शहराच्या किंवा काउंटीच्या नियोजन आयोगाला कळवायचं असतं. शिक्षण विभागाच्या माणसाला जागा दाखवायची. पर्यावरणाचा कायदा, ज्याला सगळे सीक्वा म्हणतात, त्याखालचा अभ्यास पुरा करायचा. शेतजमीन असेल तर आणखी सल्लामसलत लागते. मालक घाई करेल, म्हणेल दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. तेव्हा वकिलाला सांगून शर्तीचा करार करा: सीक्वा पुरा झाला, शिक्षण विभागाची मंजुरी आली, मातीचा अहवाल स्वच्छ निघाला, तरच व्यवहार पूर्ण. असा करार करता येतो. जो मालक या शर्तींना तयारच होत नाही, त्याच्या जमिनीबद्दल मला कायम शंका वाटत आली.

किंमत ठरवताना एक बारीक गोष्ट लक्षात ठेव. राज्य जागेच्या खर्चातला आपला वाटा देतं तो प्रत्यक्ष किंमत आणि मूल्यांकन यांतल्या कमी रकमेवर. म्हणजे मूल्यांकन ६० लाख डॉलरचं आणि तुम्ही दिलेत ७०, तर वरचे १० लाख पूर्णपणे तुमच्या डिस्ट्रिक्टच्या माथी. मूल्यांकनही ताजं लागतं, सहा महिन्यांच्या आतलं. बाजार चढत असताना जुन्या मूल्यांकनावर अर्ज गेला तर सगळं पुन्हा करावं लागतं. आणि बंद दाराआड बोर्डाला फक्त किंमत आणि अटी यांचीच चर्चा करता येते. ही शाळा इथे हवी का, ही जागा योग्य आहे का, ही चर्चा लोकांसमोर झाली पाहिजे. १९५३ चा ब्राउन कायदा त्यासाठीच आहे. कोणी सगळंच बंद खोलीत उरकायला निघालं तर तू नम्रपणे पण स्पष्ट हरकत घे.

पैशाच्या गणिताकडे येते. नव्या बांधकामात राज्याचा वाटा मुळात निम्मा, निम्मा डिस्ट्रिक्टचा. जुन्या इमारतींच्या नूतनीकरणात राज्याचे ६० टक्के, आपले ४०. ही योजना १९९८ च्या लेरॉय ग्रीन कायद्याने आली; नूतनीकरणाचं हे प्रमाण मात्र नंतर ठरलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन २ मंजूर केलं, राज्याच्या १० अब्ज डॉलरच्या बाँडचं, त्यातले ८.५ अब्ज शाळांसाठी. त्यात गरजू डिस्ट्रिक्टना नव्या बांधकामात ५५ आणि नूतनीकरणात ६५ टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. पाच टक्क्यांचा फरक. माझं स्पष्ट मत आहे की हा फरक फार अपुरा आहे. सिलिकॉन व्हॅलीतल्या घरांच्या किमतींवर उभी असलेली डिस्ट्रिक्ट आणि शेतमजुरांच्या मुलांची डिस्ट्रिक्ट यांना जवळजवळ एकच प्रमाण लावलं की ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच राज्याचा पैसा आधी मिळतो, कारण आपला निम्मा वाटा तो लगेच उभा करू शकतो.

हा आपला वाटा मुख्यतः स्थानिक बाँडमधून येतो. पूर्वी त्याला दोनतृतीयांश मतं लागायची. २००० च्या प्रपोझिशन ३९ ने ५५ टक्क्यांची वाट उघडली, पण शर्तींसह. युनिफाइड, म्हणजे प्राथमिक ते हायस्कूल एकत्र असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये अशा एका निवडणुकीतल्या बाँडचा कर मूल्यांकनाच्या दर लाखामागे वर्षाला अंदाजे ६० डॉलरच्या वर जाता कामा नये. ज्या घराचं करासाठीचं मूल्यांकन आठ लाख आहे त्याला ४८० डॉलर. हा आकडा तुला तोंडपाठ हवा. दारोदार जाशील तेव्हा आपलीच माणसं हाच प्रश्न विचारतील, आणि त्यांना सरळ उत्तर मिळालं तर ती मतही देतील.

कर्जाची कमाल मर्यादाही कायद्यात बांधलेली आहे: युनिफाइड डिस्ट्रिक्टला एकूण करपात्र मालमत्तेच्या २.५ टक्के, नुसत्या प्राथमिक किंवा नुसत्या हायस्कूल डिस्ट्रिक्टला १.२५ टक्के. आता हिशेब कर. व्हॅलीतल्या एखाद्या छोट्या प्राथमिक डिस्ट्रिक्टमधली सगळी मालमत्ता मिळून ४० कोटी डॉलर असेल, तर तिला जास्तीत जास्त ५० लाख डॉलर कर्ज काढता येतं. त्यात आज शाळा तर सोड, चार वर्ग आणि एक स्वयंपाकघर निघणं अवघड.

अशांसाठी कायद्यात एक दार आहे, आणि ते पुष्कळांना माहीत नसतं म्हणून मी त्यावर थांबते. त्याचं नाव फायनान्शियल हार्डशिप, आर्थिक अडचणीचा दर्जा. तो मिळाला तर राज्य डिस्ट्रिक्टचा वाटाही उचलतं, अगदी सगळाच्या सगळा. त्यासाठी बिल्डरांकडून घ्यायची शुल्कं पूर्ण दराने घेत असणं आवश्यक आहे. शिवाय कर्जमर्यादेच्या ६० टक्के कर्ज आधीच काढलेलं असणं, किंवा एकूण कर्जमर्यादाच फार कमी असणं, असे काही निकष आहेत. ही कमी म्हणजे किती, तर पूर्वी ५० लाख डॉलर होती, प्रपोझिशन २ ने ती दीड कोटीवर नेली. म्हणजे १.२५ टक्क्यांच्या हिशेबाने १.२ अब्ज डॉलर मालमत्ता असलेली प्राथमिक डिस्ट्रिक्टही आता त्यात येऊ शकते. तुमच्या शेजारच्या ज्या लहान डिस्ट्रिक्टना पूर्वी "तुम्ही बसत नाही" असं उत्तर मिळालं होतं, त्यांच्या बोर्डावरच्या माणसांना हे नक्की सांग.

आणि या दारातून आत गेल्यावर आणखी एक सोय आहे. इमारतीचा पूर्ण अर्ज करायला डीएसएची मंजुरी मिळालेले नकाशे लागतात. नकाशांना आर्किटेक्ट लागतो, आर्किटेक्टला पैसे लागतात. त्याआधी जमीन लागते. गरीब डिस्ट्रिक्टकडे यांतलं काहीच नसतं. म्हणून आर्थिक अडचणीचा दर्जा असलेल्या डिस्ट्रिक्टला राज्य जागेसाठी वेगळा आणि नकाशांसाठी वेगळा पैसा आगाऊ देतं. म्हणजे आधी जागा, मग आराखडा, मग बांधकाम, अशा टप्प्यांनी. जागेतून विष काढायला डीटीएससीच्या अंदाजाने सहा महिने किंवा जास्त लागणार असतील, तर अशा जागेसाठीही वेगळी तरतूद आहे. हे पैसे घेतले की पुढचा अर्ज ठरलेल्या मुदतीत करावाच लागतो, नाहीतर परत द्यावे लागतात. दर्जाही सहा महिन्यांपुरताच मिळतो. त्या तपासणीत डिस्ट्रिक्टच्या बांधकामाच्या खात्यांत पडून असलेली शिल्लक बघतात आणि ती तुमचा वाटा म्हणून वळती करून घेतात. म्हणून अर्जाआधी ही खाती कशासाठी राखलेली आहेत याची नोंद स्वच्छ हवी. लपवाछपवी करायची नाही. लेखापरीक्षणात ती उघड होते, आणि व्हायलाच हवी.

बिल्डरांच्या शुल्काचं आणखी सांगते. १९८६ च्या कायद्यामुळे नव्या घरांवर दर चौरस फुटामागे शाळेसाठी शुल्क घेता येतं. त्याचा कमाल दर दर दोन वर्षांनी वाढतो, पण वाढ आपोआप लागू होत नाही. डिस्ट्रिक्टने अभ्यास करून ठराव करावा लागतो. २०२४ मध्ये घरांसाठीचा पहिल्या स्तराचा कमाल दर ५.१७ डॉलर होता. ठराव करायला सहा महिने उशीर झाला आणि मधल्या काळात हजार घरांचे परवाने निघाले, तर तो फरक कायमचा गेला. वाढत्या गावात हा ठराव वेळेवर येतो की नाही, एवढं एकटीने बघितलंस तरी तुझी निवडणूक सार्थकी लागेल.

पैसा मिळायचा तर मुलं कुठे बसणार हे दाखवावं लागतं. बालवाडीपासून सहावीपर्यंत वर्गाला २५ मुलं, सातवी ते बारावी २७, असा राज्याचा हिशेब. आजची पटसंख्या, मागच्या वर्षांचे चढउतार, त्यावरून पाच वर्षांनंतरचा अंदाज, त्यातून हातातल्या वर्गांची क्षमता वजा. उरतील ती "बेघर" मुलं, त्यांच्यासाठी अनुदान. नव्या वसाहतींचे मंजूर नकाशे जोडले तर त्यांतल्या घरांची मुलंही अंदाजात धरता येतात. म्हणून शहराच्या नियोजन खात्यात तुमच्या डिस्ट्रिक्टचा माणूस दर महिन्याला गेला पाहिजे. पण आकडे फुगवू नका. कॅलिफोर्नियात बऱ्याच ठिकाणी मुलं कमी होत चालली आहेत. तरुण कुटुंबं घरांच्या किमतींमुळे किनाऱ्याकडून आत सरकतात, मग वीस वर्षांनी आतल्या वसाहतीही म्हाताऱ्या होतात. आज भरून वाहणारी शाळा उद्या अर्धी रिकामी असू शकते. आराखड्यात पक्के वर्ग थोडे कमी ठेवून मैदान, ग्रंथालय आणि मोठी बहुउपयोगी खोली चांगली बांधलीत, तर ती जागा कधीच वाया जात नाही.

कर्जाच्या बाबतीत एक नाव लक्षात ठेव, पोवे. सॅन दिएगो काउंटीतली ही डिस्ट्रिक्ट. २०११ मध्ये तिने सुमारे १०.५ कोटी डॉलर उभे केले, अशा रोख्यांवर की परतफेड कित्येक वर्षांनी सुरू व्हायची. व्याज साठत जाऊन एकूण परतफेड ९८ कोटींच्या घरात गेली. आज कर वाढत नाही, या एका आकर्षणापायी नातवंडांच्या पिढीवर बोजा टाकला. २०१३ मध्ये राज्याने कायदा करून अशा रोख्यांची मुदत २५ वर्षांवर आणि परतफेड मुद्दलाच्या चौपटीवर बांधली. पण चौपट म्हणजेही चौपटच. सल्लागार जेव्हा "सध्या करदात्याला काहीच द्यावं लागणार नाही" म्हणतो, तेव्हा शेवटच्या वर्षाचा तक्ता मागायचा आणि एकूण परतफेड सभेत मोठ्याने वाचून दाखवायची.

नकाशांबद्दल थोडक्यात. १० मार्च १९३३ ला संध्याकाळी लाँग बीचला भूकंप झाला. सुमारे ७० शाळा कोसळल्या, १२० शाळांचं मोठं नुकसान झालं. काही तास आधी झाला असता तर वर्गात मुलं असती. महिन्याभरात, १० एप्रिलला, फील्ड कायदा आला, आणि तेव्हापासून सरकारी शाळेचा प्रत्येक नकाशा राज्याचं खातं तपासतं आणि जागेवर प्रमाणित निरीक्षक उभा असतो. नंतरच्या मोठ्या भूकंपांत या कायद्याखाली बांधलेली एकही शाळा कोसळून मुलं दगावली नाहीत. म्हणून डीएसएला वेळ लागतो अशी तक्रार बैठकीत होईल तेव्हा तू तिच्यात सूर मिसळू नकोस. वेळ वाचवायचा असेल तर आधी मंजूर झालेल्या रचना वापरा, आर्किटेक्टला मध्येच बदल सांगू नका, आणि नकाशे अर्धवट घेऊन तपासणीला जाऊ नका. काम संपल्यावर शेवटचं प्रमाणपत्र हातात आलं का, हे विचार. बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये जुन्या इमारतींची प्रमाणपत्रं एखाद्या सहीसाठी वर्षानुवर्षं अडकलेली असतात आणि त्याच आवारातलं नवं काम मग डीएसएत थांबतं. पदभार घेतल्याबरोबर ही यादी मागव.

निधी मंजूर झाला म्हणजे धावपळ संपली असं नाही. १८ महिन्यांत निधी उचलण्याचा कागद गेला नाही तर मंजुरी रद्द होते. खर्चाचे अहवाल, लेखापरीक्षण, न बसणारा खर्च परत. आणि राज्याचा पैसा घेतल्यावर २० वर्षं सर्वसाधारण खर्चाच्या किमान ३ टक्के देखभालीला बाजूला ठेवावेच लागतात. अर्थसंकल्प आवळला की पहिली कात्री याच ३ टक्क्यांवर चालवायचा मोह होतो. तिथे ठाम राहा. छप्पर गळू देऊन नवी शाळा मागणं मला कधीच पटलं नाही.

प्रपोझिशन २ नंतर अर्जासोबत पाच वर्षांचा इमारतींचा आराखडाही लागतो. सल्लागाराकडून छापून आणलेला जाड ग्रंथ नको. शिक्षक, सफाई कामगार, आचारी यांना विचारून केलेला हवा. कुठल्या खोलीत उन्हाळ्यात ११० अंश फॅरनहाइटला एसी बंद पडतो, कुठल्या दाराला पावसात पाणी येतं, हे त्यांनाच ठाऊक असतं.

आपल्या माणसांबद्दल एक बोलायचं आहे. आपली मराठी शाळा शनिवार-रविवारी याच सरकारी शाळांच्या वर्गांत भरते. सिव्हिक सेंटर कायद्यामुळे आपल्याला त्या खोल्या भाड्याने मिळतात. आपण तिथे जातो, मुलांना सोडतो, चहा पितो आणि परत येतो. त्या इमारतीच्या कारभारात मात्र आपण फारसे दिसत नाही. ५५ टक्क्यांनी मंजूर झालेल्या प्रत्येक बाँडवर नागरिकांची देखरेख समिती नेमावीच लागते, किमान सात जणांची. त्यात एक जागा ज्येष्ठ नागरिकांच्या संस्थेतल्या सभासदाची असते, एक करदात्यांच्या संघटनेतल्या माणसाची, एक व्यापारी संस्थेतल्या माणसाची, दोन पालकांच्या. डिस्ट्रिक्टचा नोकर किंवा ठेकेदार तिथे बसू शकत नाही. कित्येक ठिकाणी या जागा माणूस न मिळाल्याने रिकाम्या राहतात. आपल्या मराठी मंडळात निवृत्त अभियंते आहेत, बँकेत हयात घालवलेली माणसं आहेत, महाराष्ट्रात पाटबंधारे आणि बांधकाम खात्यांत मोजमापपुस्तकं तपासलेले आजोबा आहेत. त्यांना संध्याकाळी रिकामा वेळ आहे आणि बिलातली खोट बघणारी नजरही. आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांना तू स्वतः फोन कर, अर्ज भरायला मदत कर.

आणि आता जमिनीचा जो ठराव तुझ्यापुढे येतोय, त्याच्या फाईलमध्ये फेज वनचा अहवाल, शिक्षण विभागाचं जागेबद्दलचं पत्र आणि सहा महिन्यांच्या आतलं मूल्यांकन आहे का ते आधी बघ. यांतला एक जरी कागद कमी असेल आणि करारात शर्तीही नसतील, तर मत देऊ नकोस. विषय पुढच्या बैठकीवर ठेवावा असा प्रस्ताव तूच मांड.